नवसाचं बकरं

मंडपाची सावली आखडत आखडत भिंतीला टेकली तरी गुलजार आला नाही, तेव्हा नंदाबाईने त्याच्यासाठी ठेवलेला चहा चुलीवरून उतरवला.

बकरं जांभळीच्या खोडाला बांधलेलं होतं. कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. माळ त्याने निम्मी खाऊन टाकली होती आणि उरलेल्या निम्मीवर त्याचा डोळा होता. त्याला कसलीच घाई नव्हती. घाई होती ती चुलाणावर पाण्याचं पातेलं ठेवून बसलेल्या आचाऱ्यांना, ओट्यावर पाय पसरून बसलेल्या सोयऱ्यांना आणि सगळ्यात जास्त नंदाबाईच्या लेकाला, राजेंद्रला. तो दर थोड्या वेळाने फोन कानाला लावून कुंपणापर्यंत जाई आणि परत येई.

नवस नंदाबाईचाच होता. लेक हवालदाराचा फौजदार झाला तर वाघजाईला बकरं देईन, असं ती देवीपुढे पदर पसरून बोलली होती. लेक फौजदार झाला. खांद्यावर दोन तारे लागले. आता देवीचं देणं द्यायचं आणि मंडळींना जेवू घालायचं, एवढंच राहिलं होतं. दुपारी ठाण्याचे मोठे साहेब स्वतः येणार होते. राजेंद्रने त्यासाठी मंडपात गादीची खुर्ची मागवून घेतली होती आणि तिच्यावर कुणी बसू नये म्हणून टॉवेल टाकून ठेवला होता.

पण कान्ह्याच्या रेल्वे फाटकापलीकडच्या ह्या वाडीत बकऱ्याला सुरी लावायची ती मुलाण्याच्याच घराने. देवीचा मान पाटलाच्या घराला, सुरीचा मान गुलजारच्या घराला. आजे-पणजे तसंच करत आलेले. मुलाण्याने नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय वाडीत कुणी मटणाचा घास घेत नसे. त्याला आदल्या सांजेला पानसुपारी जाई. सकाळी तो कापडात गुंडाळलेली सुरी काखेत मारून येई, आणि आल्या आल्या म्हणे, "वयनी, आधी चा ठेवा. बकरं कुटं पळून चाललंय?" आजवर त्याला दुसऱ्यांदा बोलावणं धाडायची वेळ आली नव्हती.

आज मात्र नंदाबाईचा नवरा महिपती स्वतः उठून त्याच्या घरी गेला होता. वाडीचा पोलीस पाटील मुलाण्याच्या दारात आर्जव करायला गेला, हे ओट्यावरच्या प्रत्येकाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

तो परत आला तो एकटाच. टोपी काढून त्याने खांबाच्या खुंटीला अडकवली आणि ओट्याच्या कडेला बसला.

"काय म्हनला?" अंबूबाईने विचारलं. ही महिपतीची थोरली बहीण. सासर वराळ्याचं, पण माहेरच्या रीतीभातीचा कासरा अजून तिच्याच हातात होता.

"न्हाई येत म्हनला."

"आजारी हाय का?"

"धडधाकट हाय. दारात बसून सुरीला धार लावत होता." महिपती थोडा थांबला. "म्हनला, पाटील, तुमच्या शब्दावर पोरगं दिलं. आता आनि काय काय द्यायचं?"

नंदाबाईने हातातली परात उगाच पुसली. पुसलेली परात तिने पुन्हा पुसली.

महिपतीने गुलजारचं पोरगं कसं घेतलं, ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं. वाडीत कुणाचंही नाव ठाण्यात निघालं, तरी पोलिसांची गाडी वाडीत शिरत नसे. पाटलाला निरोप येई. मग पाटील त्या माणसाच्या घरी जाई, चहा घेई, आणि त्याला हाताला धरून ठाण्यात नेई. सांजेपर्यंत तसाच हाताला धरून परत आणी. महिपतीच्या बापानेही हेच केलं आणि आज्यानेही. त्यामुळे बायाबापड्यांना धीर असे, की पाटलाचा हात हातात आहे तोवर आत कुणी बोट लावणार नाही.

दिवाळी सरली त्या सुमारास जुन्या हायवेवर एका गाडीने वराळ्याच्या सीताराम नावाच्या कामगाराला उडवलं. कारखान्यातून घरी निघालेला माणूस जागच्या जागी गेला. गाडी लोणावळ्याच्या एका बंगल्याची होती, आणि त्या बंगल्याची राखण नवाज करायचा. गुलजारचा थोरला. गाडीची चावी बहुतेक वेळ त्याच्याच खिशात असायची. ठाण्यातून निरोप आला, पोराला जबाबाला घेऊन या. महिपती गेला, चहा प्याला, आणि नवाजला हाताला धरून घेऊन गेला. सांजेला तो एकटाच परत आला. गाडी नवाजच चालवत होता आणि दारू पिऊन चालवत होता, असं आत ठरून गेलं होतं. तेव्हापासून पोरगं येरवड्याला आहे. दोनदा जामीन फेटाळला.

आणि अपघात झाला त्या सांजेला नवाज कुठे होता, ते नंदाबाईला जितकं माहीत होतं तितकं देवीलाही माहीत नसेल.

"मुलानी येत न्हाई तर न्हाई," माऊली म्हणाला. हा महिपतीचा धाकटा भाऊ. त्याच्या पोराने, निलेशने, हायवेला नवं हॉटेल टाकलं होतं, आणि ते रात्री किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं हे ठाण्याच्या मर्जीवर होतं. पुतण्या फौजदार झाल्यापासून माऊलीच्या चालण्यात वेगळाच डौल आला होता. "कामशेतातनं खाटीक आनू. फोन केला की गाडीवर बसून येतोय. अडून कुनाचं बसलंय?"

"खाटकानं कापलेलं देवीला चालतं का रे?" अंबूबाई म्हणाली.

"आता कोन बघतंय आक्का?"

"मी बघतीया. खाटकानं कापलं तर मी घास घेनार न्हाई, माज्या मागची मानसं बी घेनार न्हाईत. मग बसा तुमचं मटान घेऊन."

माऊलीने काढलेला फोन परत खिशात घातला, पण राजेंद्रला ते पटलेलं नव्हतं. तो मंडपाच्या दांडीला हात लावून सगळं ऐकत होता. आज त्याने कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. दिसायला तो बापावर गेलेला, तेच रुंद कपाळ, तेच जाड ओठ. लहानपणी मार खाताना तो रडत नसे, फक्त ओठ घट्ट मिटून घ्यायचा. आत्ता त्याने ओठ तसेच मिटलेले नंदाबाईला दिसले आणि तिला भीती वाटली.

"साहेब निघालेत," तो म्हणाला. "लोणावळ्याहून गाडी सुटली. चाचाला मी आणतो."

"तू जाऊ नगं," महिपती म्हणाला.

"मी कुठं जातोय? मी कशाला जाईन?" राजेंद्रने फोन कानाला लावला आणि तो अंगणाच्या कडेला गेला. नंदाबाईला चारच शब्द ऐकू आले. गाडी, दोन माणसं, लगेच.

ती उठली आणि गोठ्यात गेली. तिथे तरी तिच्याकडे कुणी बघणार नव्हतं.

गोठ्यात अनिता होती. राजेंद्रची बायको. वासराला पेंडीचं पाणी पाजत होती. वासरू आता चांगलं सुधारलं होतं, पांढऱ्या पायांचं, खोडकर. त्याचं नाव पिंकीने ठेवलं होतं, मोती. पिंकी म्हणजे अनिताची लेक, तळेगावच्या शाळेत जाणारी. आज तिला मामाकडे पाठवून दिलं होतं. का पाठवलं, ते नंदाबाईने विचारलं नव्हतं.

"पिंकीला थांबवायचं होतंस ग," ती आता म्हणाली. "बापाचा कार्यक्रम."

"शाळेत पोरी तिच्याशी बोलत नाहीत आई." अनिताने बादली खाली ठेवली. "नवाजच्या बहिणीची पोरगी तिच्याच वर्गात आहे. डबा खाताना सगळ्या उठून जातात. परवा घरी आली आणि मला म्हणाली, आई, मोती झाला तेव्हा नवाजकाकाच होता ना गं?"

नंदाबाईने वासराच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"मंग तू काय म्हनलीस?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, नाही गं, तुला नीट आठवत नाही." अनिता बादलीतली पेंड पुन्हा ढवळू लागली. "पोरीला खोटं बोलले मी. आणि ती काय बोलली माहितेय? म्हणाली, मला आठवतंय."

त्या सांजेला गाय अडली होती. वासरू आडवं आलेलं. महिपती सोमाटण्याला पाहुण्यांकडे गेलेला, राजेंद्र ड्युटीवर, आणि जनावरांच्या डॉक्टरचा फोन लागेना. नंदाबाईने पदर खोचला आणि वाडीत हाक मारली. नवाज रजेवर घरी आला होता. तो धावत आला, शर्ट काढून फेकला, खांद्यापर्यंत हात घालून त्याने वासराचे पाय सरळ केले. दिवेलागण होऊन गेली तेव्हा मोती बाहेर आला. नवाज इथेच, ह्याच ओल्या जमिनीवर बसून हसत होता. हायवेकडून सायरन वाजत गेला आणि तो म्हणाला, "मावशी, कुनाचं तरी बरंवाईट झालं वाटतं." नंदाबाईने त्याला गरम पाण्याने हात धुवायला दिले होते.

त्याच आठवड्यात तिने राजेंद्रला सांगितलं होतं. त्याने जेवता जेवता ऐकलं, पाणी प्याला आणि म्हणाला, "आई, तू ह्यात पडू नकोस. कागद झालेत. दोन महिन्यांत सुटेल तो." मग बढतीची ऑर्डर आली. मग तारे लागले. ती गप्प बसली. महिपतीलाही तिने सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर घर फुटलं असतं. घर फुटू नये म्हणून ती गप्प राहिली आणि ह्या चार महिन्यांत तिच्या तोंडाची चव गेली.

"तुम्ही पुन्हा सांगितलं असतं तरी ह्यांनी ऐकलं नसतं," अनिता म्हणाली.

"ऐकलं नसतं, खरं. पन मी बी वरडले न्हाई ना."

बाहेर गाडीचा आवाज आला.

पोलिसांची जीप वाडीत शिरली होती. महिपतीच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ती रेल्वे फाटकाबाहेर न थांबता सरळ पाटलाच्या अंगणात आली. मागच्या बाजूने दोन शिपाई उतरले आणि त्यांच्यामध्ये गुलजार. डोक्याला टोपी नव्हती. पायात चप्पलही नव्हती. त्याला जेवणावरून उठवून आणलं असावं, कारण उजव्या हाताला अजून कालवण लागलेलं होतं. तो हात त्याने कपड्यांपासून लांब धरला होता.

जीपच्या मागे वाडी चालत आली. बायका, म्हातारे, पोरंटोरं. कुणी आत आलं नाही. सगळे कुंपणाच्या बाहेर उभे राहिले.

एकेकाळी ह्या ओट्यावर बसायला जागा मिळत नसे. बांध कुणी कोरला, कोंबडी कुणी नेली, जावयाने पोरीला मारलं, सगळं आधी पाटलाच्या ओट्यावर यायचं. मागच्या महिन्यात खालच्या आळीतून पाण्याची मोटार चोरीला गेली तर लोकांनी वर्गणी काढून नवी घेतली. पाटलाला सांगितलंसुद्धा नाही. महिपतीला ते आठवड्याने दुसऱ्याकडून कळलं होतं, आणि त्या दिवशी तो जेवला नव्हता.

"रीतीनं बोलवायचं न्हाई का?" तो आता राजेंद्रला म्हणाला. आवाज अगदी खाली होता.

"रीतीनं तुम्ही गेला होता ना आबा?"

तेवढ्यात साहेबांची गाडी आली आणि पुढचं बोलणं राहिलं. साहेब साध्या कपड्यांत होते, नीट भांग पाडलेले, हसतमुख. राजेंद्रने टॉवेल उचलला, खुर्ची पुढे केली. माऊलीने धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. साहेब बसले, आणि मग त्यांना शिपायांच्या मधला अनवाणी माणूस दिसला.

"हे कोण?"

"मुलाणी, साहेब," राजेंद्र म्हणाला. "बकरं कापणारे. जरा उशीर झाला त्यांना. चाचा, उरकून घ्या."

गुलजार जागचा हलला नाही. त्याने आधी महिपतीकडे पाहिलं, मग बकऱ्याकडे.

"सुरी आनली न्हाई," तो म्हणाला.

"आचाऱ्याकडं आहे. निलेश, दे रे."

निलेशने आचाऱ्याचा सुरा आणून पुढे धरला. गुलजारने तो घेतला. कालवणाचा हात त्याने धोतराला पुसला आणि सुऱ्याची धार अंगठ्याने बघितली. त्या अंगठ्याची सवयच होती ती.

"फौजदार, तुमी सांगता तर कापतो," तो म्हणाला. "मला काय, म्हातारा मानूस. जीपमदी घालून आनलं, आलो. पन एक सांगतो. सुरी फिरवताना नाव घ्यायचं असतं, आनि ते मनापास्नं घ्यायचं असतं. मानेवर हात ठेवून कुनी माज्याकडनं नाव घ्यायला लावलं तर ते हलाल होत न्हाई. मी कापीन. तुमी म्हनाल तसं कापीन. पन मग मुलान्यानं कापलं असं कुनी म्हनू नका."

अंबूबाईने कपाळावरचा पदर पुढे ओढला. "मंग आमी न्हाई जेवत," ती म्हणाली. "उठा ग."

तिच्या मागच्या बायका उठल्या. पंगतीला मांडलेल्या पत्रावळी वाऱ्याने हलत होत्या, त्यांच्या कडेकडेने त्या कुंपणाकडे निघाल्या. साहेबांनी हे सगळं करमणुकीसारखं पाहिलं आणि राजेंद्रकडे वळून विचारलं, "काय प्रकार आहे फौजदार?"

"काही नाही साहेब. ह्यांचा मुलगा आत आहे, त्या हायवेच्या केसमध्ये. त्याचा राग आहे."

"अच्छा, ती केस." साहेब गुलजारकडे पाहून मायेने म्हणाले, "आजोबा, कायदा आपलं काम करतो. मुलानं चूक केली, भोगावं लागेल. त्यासाठी ह्यांच्या घरच्या देवाला का अडवून धरता?"

नंदाबाई गोठ्याच्या दारात होती. साहेबांचा तो मऊ आवाज ऐकून तिच्या अंगाची आग झाली. इतका वेळ तिला वाटत होतं की आपल्याला भीती वाटते आहे. ती भीती नव्हतीच. लाज होती, आणि आता ती एकदम सोसेनाशी झाली.

ती मंडपात आली, डोक्यावर पदर न घेता.

"सायेब, नवाज त्या दिवशी गाडीवर नव्हता. त्यो माज्या गोठ्यात होता."

राजेंद्र म्हणाला, "आई, आत जा."

"गाय अडली व्हती. त्यानं वासरू काडलं. दिवे लागले तवा त्यो हितं व्हता, आनि सायरन आमी दोघांनी ऐकला. ते वासरू आत बांधलंय. बघायचं तर बघा."

कुंपणाबाहेर कुजबुज उठली आणि बंद झाली. साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं.

"मावशी, बसा तुम्ही. दगदग झालीय." ते इतरांकडे पाहत म्हणाले. "बायकांना तारखा लक्षात राहत नाहीत. चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. गाय कुठल्या दिवशी व्याली ते कोण सांगणार?"

"मी सांगते," अनिता म्हणाली. ती गोठ्याच्या दारातच उभी होती. तिचे हात पेंडीने माखलेले होते आणि ती राजेंद्रकडे बघत नव्हती. "मी पण होते. कंदील मीच धरला होता."

महिपती हळूच उठला. गुडघ्यावर हात टेकून उठला तो. बायकोकडे त्याने पाहिलंही नाही, तो थेट लेकासमोर जाऊन उभा राहिला.

"तुला ठावं व्हतं?"

"आबा, नंतर बोलू."

"मी त्याला हाताला धरून नेला. माज्या हातात त्याचा हात व्हता. तुजं टेबल ठान्याच्या दारासमोरच हाय. तवा तुला ठावं व्हतं का?"

"तेव्हा नव्हतं." राजेंद्रने ओठ मिटले, पण मिटून राहवेना त्याला. "आईनं सांगितलं तेव्हा सगळं झालं होतं. मी काय करायचं होतं? मुंबईहून फोन वर फोन. बंगलेवाल्याचा पोरगा विमानात बसून गेलासुद्धा. गाडी कुणीतरी चालवली पाहिजे ना? माझी ऑर्डर टेबलावर अडकली होती आबा. पंधरा वर्षं मी हवालदारी केली, मोर्चात दगड खाल्ले, इज्तेमाचा बंदोबस्त, गणपतीचा बंदोबस्त. एक सही हवी होती. मी काही केलं नाही. मी फक्त गप्प बसलो. ही पण गप्पच बसली होती की."

तो आईकडे बोट दाखवत होता. आणि ते खरंच होतं, म्हणून नंदाबाईला त्याचा राग आला नाही. तिला फक्त वाटलं, ह्याला मी पोटाशी धरून वाढवलं, आणि गप्प बसायचं हे माझ्याचकडून शिकला असेल.

साहेब उठले होते. खुर्ची त्यांनी स्वतःच मागे सारली. "फौजदार, घरातलं घरात मिटवा. आणि सोमवारी मला ऑफिसात भेटा." ते आवाज न चढवता म्हणाले. जाता जाता त्यांनी महिपतीला नमस्कारसुद्धा केला. माऊली त्यांच्या मागे गाडीपर्यंत पळत गेला. दार लावताना काहीतरी बोलत होता, वहिनीचं डोकं ठिकाणावर नाही, असं काही असावं. दोन्ही शिपाई जीपमध्ये बसले. गुलजारला कुणी विचारलं नाही. त्याला आणलं तसं परत सोडायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

धुरळा खाली बसला. आचाऱ्यांनी चुलाणातली लाकडं बाहेर ओढली आणि पाणी मारलं. गुलजारने आचाऱ्याचा सुरा पाटावर ठेवून दिला.

नंदाबाई बकऱ्यापाशी गेली. त्याच्या गळ्यातली उरलेली माळ तिने काढली आणि वाघजाईच्या देवळाच्या दिशेला तोंड केलं. बोलायचं ते मोठ्याने बोलली, कुंपणापर्यंत ऐकू जाईल असं.

"आई वाघजाई, नवस माजा व्हता, मीच बोलते. हे बकरं नवाजच्या हातानं कापलं जाईल. त्यो सुटून येईस्तवर ह्याला कुनी हात लावायचा न्हाई. आनि तवर ह्या घरात कसलंच कार्य व्हनार न्हाई. लगीन न्हाई, बारसं न्हाई, सन न्हाई. माज्या लेकाचे तारे बी तुजंच देनं हाय. तुला न्यायचे तर ने."

"आई," राजेंद्र म्हणाला. एवढंच म्हणाला. मग तो आपली मोटारसायकल काढून हायवेच्या दिशेने गेला. अनिताने त्याला हाक मारली नाही. अंबूबाई कुंपणापासून परत फिरली होती. ती येऊन नंदाबाईच्या शेजारी उभी राहिली आणि तिने भावजयीच्या डोक्यावर पदर नीट करून दिला. तिच्या तोंडून कधी चांगला शब्द आला नव्हता, आजही आला नाही.

नंदाबाई गुलजारकडे वळली. तिने हात जोडले. "भाऊ, कोर्टात सांगीन मी. अनिता बी सांगंल."

गुलजारने तिच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"वयनी, हे तवाच बोलला असता," तो म्हणाला, "तर आज नवाजनंच कापलं असतं. मी तुमच्याकडं चा पीत बसलो असतो. नवाजची आई चाँदबी रोज इचारती, पाटलीनबाई का गप्प हाय म्हनून. नवाजनं वकिलाला सांगितलंय सगळं, मी मावशीच्या गोठ्यात व्हतो म्हनून. आमी वाट बगितली, तुमी याल. तुमी आला न्हाई. मंग आमी वाट बगायचं सोडलं."

ती हात जोडूनच उभी राहिली.

महिपती पुढे आला. त्याने खुंटीवरची टोपी घेतली होती, पण डोक्यावर घातली नव्हती. दोन्ही हातांनी तिच्या कडा दाबत होता. एका दुपारीत हा माणूस थकून गेला, असं नंदाबाईला वाटलं आणि तिचा जीव तुटला. नवरा म्हणून तो कसाही असो, पाटील म्हणून त्याला आजवर कुणी वाईट शब्द बोललं नव्हतं.

"गुलजार," तो म्हणाला, "वडगावला वकील बसतो ना तुजा? उद्या सकाळी मी हिला घेऊन येतो तितं. मी स्वतः हाताला धरून—"

तो मध्येच थांबला. त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

गुलजारने अंगणाबाहेर पाऊल टाकलं होतं. उन्हाने तापलेल्या वाटेवर अनवाणी पाय जरा चुकवत टाकत तो दोन पावलं गेला आणि मागे वळला.

"तुमी नका आनू पाटील," तो म्हणाला. "वयनीला न्यायला सकाळी मीच येईन."